मेणाचं बूच

काचेच्या कपाटावरचा तो लाल कागद चिगुसा नोमोतोनं स्वतःच्या हातानं लिहिला होता. ‘हाताकेनाका सेन्सेई आणि नोमोतो सोडून या कपाटाला कुणीही हात लावू नये.’ लिहिताना ती पहिल्याच नावापाशी अडली होती. नुसतं ‘नोमोतो सोडून’ लिहिलं असतं तरी काम भागलं असतं, आणि खरं सांगायचं तर तेच लिहायला हवं होतं. पण ज्या माणसाची ही प्रयोगशाळा, ज्याच्या हाताखाली आपण नऊ वर्षं काढली, त्याच्याच नाकासमोर ‘तुम्हीसुद्धा हात लावू नका’ असा कागद डकवायचा? ओसाकात काय, अख्ख्या जपानात कुणाची छाती झाली नसती. तिनं सेन्सेईंचं, म्हणजे गुरुजींचं, नाव पहिलं घातलं, अक्षर जरा जास्तच वळणदार काढलं आणि कागद चिकटवून टाकला.

कपाटात तळाला ओल शोषणारे निळे खडे होते आणि मधल्या फळीवर करंगळीहून बारीक काचेची एक नळी. नळीत चिमूटभर काळपट पूड, तोंडाला मेणाचं बूच. पूड इट्रियम नावाच्या धातूच्या कार्बाइडची, म्हणजे कार्बनशी झालेल्या संयुगाची. सेंदाईच्या तादोकोरोंनी ती भयंकर दाबाखाली भाजून केली होती, आणि तीही निवडक जड कार्बन वापरून, कारण साधा कार्बन चुंबकाच्या हाकेला ओ देत नाही. दोन वर्षांपूर्वी तादोकोरो वारले. त्यांचं दाबयंत्र भंगारात गेलं. जगात अशी पूड आता एवढीच.

नळी देताना तादोकोरो म्हणाले होते, “मेण तात्पुरतं आहे हं. सवडीनं काच वितळवून तोंड बंद करा.” सवड काही कुणाला झाली नाही, आणि तात्पुरतं ते कायमचं झालं. सात वर्षांत मेण पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली, कानातल्या मळासारखं दिसायला लागलं. पण काम चोख करत होतं. कार्बाइडला ओल लागली की संपलं. त्यातून वायू निघून जातो आणि मागे राहते ती निव्वळ माती.

या चिमूटभर पुडीला एकच प्रश्न विचारायचा होता. फार थंड केली की ती अतिसंवाहक होते, म्हणजे वीज तिच्यातून न अडखळता धावते, कारण आतले इलेक्ट्रॉन जोड्या करून झोपी जातात. जोडी मोडायला जेवढी ऊर्जा लागते तिला हे लोक फट म्हणतात. फट मोजायची रीत अशी: पुडीला चुंबकात ठेवायचं, रेडिओलहरीनं कार्बनच्या अणूच्या गाभ्याला चिमटा काढायचा आणि तो शांत व्हायला किती वेळ घेतो ते बघायचं. मूल रडून गप्प व्हायला किती वेळ लागला यावरून घरात किती माणसं जागी आहेत ते ओळखावं, तसलाच प्रकार. फट मोठी तर जागे इलेक्ट्रॉन कमी, आणि मूल रडतच राहतं.

हाताकेनाका सेन्सेईंचं म्हणणं होतं की या कार्बाइडमध्ये एक नव्हे, दोन फटी आहेत, एक मोठी आणि तिच्या आड एक लहान. सहा वर्षांपूर्वी त्यांनी भर परिषदेत तसं सांगितलं होतं. त्यांच्या आलेखाला खालच्या टोकाशी जरासा वाक होता, तोच पुरावा. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “हा वाक फटीचा नाही, तुमच्या थरथरत्या हाताचा आहे.” सभागृह हसलं. सेन्सेईही हसले, वाकून आभार मानून खाली उतरले. परतीच्या गाडीत मात्र चार तास बोलले नाहीत. शेजारी बसलेल्या चिगुसानं ते चार तास मोजले होते.

वाक खरा की खोटा हे ठरवायला आणखी खालचं तापमान हवं होतं, आणि तेवढं थंड करणारं यंत्र विद्यापीठाच्या शीतकेंद्राकडे एकच, पाळीपाळीनं प्रयोगशाळांत आणून लावायचं. वर्षभर अर्ज करकरून जानेवारीतले तीन दिवस मिळाले होते. मार्चमध्ये सेन्सेई निवृत्त होणार होते. पण चिगुसाच्या जिवाला घोर लागला होता तो निवृत्तीचा नव्हे.

ऑक्टोबरात सेन्सेईंच्या पत्नी कियोए यांचा फोन आला होता. डॉक्टरांनी डोक्याची चित्रं काढली, आजार विसरण्याचा आहे, आणि वेग बरा नाही. “जुन्या गोष्टी वर येतील म्हणाले. आपण खोडून काढायचं नाही गं. हो ला हो करायचं.” दुसऱ्या दिवशी खुद्द सेन्सेईंनीच दार लावून घेतलं आणि तिला समोर बसवलं.

“आमच्या घरच्या ओकुसानांनी सांगितलंच असेल. त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही.”

“हो, सेन्सेई.”

“मग शर्यत आहे, नोमोतो. एक की दोन, एवढं मला कळलं पाहिजे. कळेपर्यंत माझं डोकं टिकलं पाहिजे. त्यापुढे गेलं खड्ड्यात.” मग तेच हसले. “तोंड कशाला पाडतेस? तुझं डोकं आहे ना शाबूत?”

त्या दिवसापासून चिगुसा त्यांच्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागली. तिचं तिलाही ते कळलं नव्हतं.

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला वर्षअखेरची मोठी सफाई निघाली. त्या दिवशी प्रयोगशाळेत लहानथोर असा भेद राहत नाही. डोक्याला पंचा बांधून प्राध्यापकही फडकं हातात घेतात, आणि आपण काय साफ केलं ते नोंदवहीत लिहून खाली आपापला शिक्का मारतात. सेन्सेईंना वगळावं तर त्यांना लागेल, म्हणून चिगुसानं त्यांना विचार करून काम दिलं. मागच्या फडताळातल्या रिकाम्या काचनळ्या धुवायच्या. तीस नळ्या, सगळ्या रिकाम्या. फुटल्याच तर दोन फुटतील. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून ती तळघरात पंपाचं तेल बदलायला गेली.

साडेतीनला चहा झाला. सगळे खोलीत गोल बसले, मधे मिकान संत्र्यांची टोपली. सेन्सेई हात पुसत आले ते चेहरा उजळून.

“आज बाबा आठवले बघ, नोमोतो. एबिसूच्या जत्रेतलं आमचं दुकान! समोर कार्बाइडचा दिवा असायचा, फुस्स फुस्स करत जळायचा. त्याचा वास आत्ता इथे आला. अगदी तोच.”

“हो का? काय विकायचे बाबा?”

“काडीवरची पिवळी साखरगोळी. मला मिळायची नाही हं. विकायचा माल! मी आपला दिव्याचा वास खाऊन घरी जायचो.”

विद्यार्थी पोरं हसली. चिगुसाही हसली. हो ला हो करायचं, कियोएंनी बजावलं होतं.

“छान असेल ना वास?”

“छान कसला डोंबलाचा! लसूण सडल्यासारखा.” सेन्सेईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. “अगं, खरंच आला.”

“हो, सेन्सेई. खरंच आला असेल.”

आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवताना जो सूर लागतो, तो तिचा लागला होता. एक संत्रं सोलून तिनं त्यांच्यापुढे सरकवलं. सेन्सेईंनी ते फोडीफोडीनं खाल्लं. मग कुणीतरी वर्षअखेरच्या नूडल्सचा विषय काढला आणि वासाचं बोलणं तिथेच राहिलं.

जानेवारीच्या सोळा तारखेला सकाळी चिगुसानं कपाट उघडलं. नळी जागेवर होती. पण बूच पांढरंशुभ्र होतं. नवं मेण, कडेनं नीट गोल फिरवलेलं, कुठे ओघळ नाही की बुडबुडा नाही. असा हात या इमारतीत एकाच माणसाचा होता.

सेन्सेई दारात टोपी काढत होते.

“सेन्सेई, हे मेण… नवीन दिसतंय.”

त्यांनी नळी उजेडात धरली. “वा! छान लावलंय कुणीतरी. तूच ना?”

चिगुसानं नळी परत घेतली. त्यांनीच लावलं असेल तर कोरड्या वायूच्या पेटीत हात घालूनच लावलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. चाळीस वर्षांची सवय आहे. डोकं विसरेल, हात कसे विसरतील? पूड थोडी फिकी दिसत होती, पण खिडकीतून थंडीचं ऊन येत होतं आणि उन्हात काळं काहीही फिकंच दिसतं. माणूस स्वतःला फसवायला बसला की ऊनसुद्धा साक्षीला येतं. यंत्राचे तीन दिवस सुरू झाले होते, दुसरी पूड जगात नव्हती. न करून सांगते कुणाला?

तिनं नळीभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं, नळी लावलेली दांडी यंत्रात सोडली आणि थंड करायला सुरुवात केली. चुंबक लावण्याआधी एक चाचणी करायची पद्धत होती. पूड अतिसंवाहक झाली की ती वेटोळ्यातलं चुंबकत्व बाहेर ढकलते आणि वेटोळ्याचा सूर एकदम वर चढतो. हे लोक त्याला उडी म्हणतात. या पुडीची उडी अठरा अंशांवर. सगळ्यात खालच्या, ज्याच्याखाली तापमानच नाही अशा शून्यापासून मोजलेले अठरा. सात वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

सेन्सेई खुर्ची ओढून मीटरसमोर बसले. त्या दिवशी ते लख्ख होते. यंत्र थंड ठेवणारं हेलियम किती उरेल याचा हिशोब त्यांनी तोंडी केला आणि तिचा कागदावरचा चुकीचा काढला.

“बेरीज शाळेत शिकवतात गं. का तुमच्या नारा शहरात शाळा नव्हती? रस्त्यावर फिरणारी नुसती हरणं?”

“हरणं बेरीज चांगली करतात, सेन्सेई. मीच ढ निघाले.”

ते खदखदून हसले. कितीतरी आठवड्यांनी ती त्यांच्याशी मोठ्यानं बोलली होती. क्षणभर तिला वाटलं, सगळं ठीक होणार.

चाळीस अंश. तीस. पंचवीस. दुपारचे दोन वाजले. सेन्सेईंनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून मांडीवर ठेवला. सहा वर्षांपूर्वीचा तोच आलेख होता, घड्यांवर झिजलेला.

एकोणीस अंश. अठरा.

सूर हलला नाही.

“घाई नको,” सेन्सेई म्हणाले. “तापमापक पुढे पळतो कधीकधी.”

सतरा. सोळा. चिगुसानं मीटरवर बोट टेकवलं, जसं काही बोटानं ढकलून काटा चढणार होता. पंधरा. बारा. आठ. चार अंशांवर यंत्र स्थिर झालं आणि काटा जिथल्या तिथे होता. खोलीत पंपाची घरघर तेवढी चालू होती. तिला काहीही करता येण्यासारखं नव्हतं. पुन्हा गरम करून, पुन्हा थंड करून, पाया पडून, कशानंही.

“पूड मेली,” सेन्सेई म्हणाले.

ते उभे राहिले. त्यांचा आवाज चढला, आणि तो आवाज तिनं वर्षभरात ऐकला नव्हता.

“कुणी उघडली? नवं मेण म्हणालीस ना सकाळी? जुनं कुणी काढलं? कुठल्या गाढवानं काढलं ते? डिसेंबरच्या सफाईतच काढलं असणार! तेव्हा गरम पाणी चालू असतं, खोलीभर वाफ असते, एवढी साधी अक्कल नाही? इट्रियम कार्बाइड आहे ते, चहाची पूड नव्हे! ओल लागली की वायू सुटतो. घाण वास येतो त्याला, जत्रेतल्या दिव्यासारखा. ही खोली वासानं भरली असणार! इतकी माणसं होती इथे. एकालाही वास आला नाही?”

चिगुसाच्या डोळ्यांसमोर ती संत्र्यांची टोपली उभी राहिली.

आला होता. एका माणसाला आला होता, आणि त्यानं येऊन तिला सांगितलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. नऊ वर्षं कार्बाइडवर काम केलेल्या बाईनं त्याला संत्रं सोलून दिलं होतं. त्याच क्षणी धावत गेली असती, बूच दाबून नळी कोरड्या पेटीत टाकली असती, तर अर्धी पूड वाचली असती. अर्धीही पुरली असती. पण ती शास्त्रज्ञाचं ऐकतच नव्हती. आजाऱ्याची समजूत काढत होती.

“आला होता, सेन्सेई,” ती म्हणाली. “मी लक्ष दिलं नाही.”

“आणि मेण?”

“मीच काढलं. मळलं होतं, म्हणून.”

मग सेन्सेईंनी तिला असं झोडपलं की बाहेरच्या पॅसेजमधली पावलं थबकली. मळलं म्हणून! उद्या हृदय मळलं म्हणून काढून धुशील! तादोकोरोला काय तोंड दाखवू मी? एक शब्द चुकीचा नव्हता, एक आकडा चुकीचा नव्हता. चिगुसा मान खाली घालून उभी होती. तिला रडू येत होतं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे बरंही वाटत होतं. हेच ते हाताकेनाका, असेच असायचे. असंच अजून तासभर बोलावं त्यांनी.

पण ते थांबले, धापा टाकत बसले. “नोंदवही आण. लिही. सबब नको, नुसतं काय झालं ते.”

चूक ज्याची त्यानं आपल्या हातानं लिहायची आणि सेन्सेईंनी खाली शिक्का मारायचा, ही प्रयोगशाळेची रीत. चिगुसानं लिहिलं: ‘नळीचं मेण काढल्यामुळे नमुना ओल लागून नष्ट. चूक नोमोतो चिगुसाची.’ सेन्सेईंनी खिशातून शिक्का काढला. शिक्का मारण्याआधी मागची चार पानं चाळायची त्यांची जुनी सवय होती. ती सवय तिला माहीत होती. वही पुढे करताना कशी कोण जाणे, आठवली नाही.

त्यांनी पान उलटलं. आणखी एक. मग त्यांचा हात थांबला.

तिनं वरून वाचलं. अठ्ठावीस डिसेंबरच्या सफाईची यादी. आठव्या ओळीत, रेघेवर बसवलेलं ते सुबक अक्षर: ‘काचनळ्या तीस, धुतल्या. कपाटातली एक नळी, तोंडाशी जुनी घाण होती, काढून स्वच्छ केली. वाळल्यावर नवं मेण लावलं.’ खाली लाल शिक्का. हाताकेनाका.

सेन्सेईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. नंतर त्यांनी मान वळवून लांब भिंतीजवळच्या कपाटाकडे पाहिलं, त्यावरच्या लाल कागदाकडे, आणि त्यावरच्या आपल्या नावाकडे. वही मिटली. शिक्का खिशात गेला. ते खुर्चीवरून उठले, दोन्ही हात मांड्यांवर सपाट ठेवले आणि तिच्यापुढे वाकले. इतके खाली, की तिला त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस दिसले. ती त्यांच्यापुढे हजारदा वाकली होती. ते तिच्यापुढे कधीच नाही.

“नोमोतोसान,” ते म्हणाले. “तुमची क्षमा मागतो.”

“सेन्सेई, नका ना. उठा. मीच त्या कागदावर…”

“मी उद्या हे विसरेन,” ते वाकलेलेच होते. “तुम्हाला मात्र विसरता येणार नाही. त्याचीही क्षमा.”

तिनं त्यांचे खांदे धरून त्यांना वर उचलायचा प्रयत्न केला. ते उठेनात. शेवटी तीही त्यांच्यासमोर तशीच वाकून राहिली, आणि मधे पंप घरघरत राहिला.

संध्याकाळी कियोए येऊन त्यांना घेऊन गेल्या. चिगुसानं नोंदवही पिशवीत घातली आणि घरी नेली. फाडायचा धीर झाला नाही. ती ओळ त्यांच्या नजरेला पुन्हा पडू नये, एवढंच तिच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर नऊ वाजता सेन्सेई आले. टोपी खुंटीला लावली. चेहरा ताजातवाना होता.

“काय नोमोतो? आज थंड करायचं ना?”

“हो, सेन्सेई.”

“नोंदवही?”

“घरी राहिली.”

“घरी?” त्यांच्या भुवया चढल्या. “नोंदवही घरी नेतात? प्रयोगशाळेबाहेर जाते का ती कधी? नऊ वर्षं काय शिकलीस माझ्याकडे?”

“चुकलं, सेन्सेई.”

“पुन्हा होता कामा नये.” ते खुर्ची ओढून मीटरसमोर बसले, खिशातून झिजलेला आलेख काढून मांडीवर पसरला. यंत्र कालपासून चार अंशांवरच उभं होतं. आत मेलेली पूड होती. सेन्सेईंनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी सरकवली.

“बस. अठराला उडी येईल. डोळा हलवू नकोस.”

चिगुसा बसली आणि काट्याकडे बघत राहिली.